अॅप भारी आहे, पण मागच्या बाकाचं काय?

कोणत्याही कॉलेजच्या हॅकेथॉनला किंवा बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेला जा. ‘एज्युकेशन’ हा विषय ठरलेला असतो आणि त्यात पाच-सहा टीम्स असतातच. कुणी गणित सोडवून देणारा चॅटबॉट बनवलेला असतो, कुणी विज्ञानाचे प्रयोग थ्रीडीमध्ये आणलेले असतात, तर कुणी अभ्यासाचं गेममध्ये रूपांतर केलेलं असतं. प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर हमखास एक फोटो असतो : खेड्यातली शाळा, जमिनीवर बसलेली मुलं, रंग उडालेला फळा. ‘यांच्यासाठी आम्ही हे बनवलंय.’ टाळ्या पडतात, बक्षीस मिळतं, लिंक्डइनवर पोस्ट पडते. आणि फोटोतली ती मुलं? ती फोटोतच राहतात.

टोमणा मारायचा म्हणून हे लिहीत नाहीये. शिक्षणात काहीतरी नवं करावं असं विशीतल्या पोरापोरींना वाटतं, ही मस्तच गोष्ट आहे. गडबड हेतूत नाही, सुरुवातीच्या जागेत आहे. आपण सुरुवात करतो ती आपल्याला जमणाऱ्या टेक्नॉलॉजीपासून आणि मग ती वापरेल असं मूल शोधत फिरतो. मुलापासून सुरुवात केली असती, तर कदाचित अॅप निघालंच नसतं. भलतंच काहीतरी निघालं असतं. आणि ते जास्त कामाचं ठरलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिक्षणातला नवा प्रयोग किती नवा आहे, किती स्मार्ट आहे, हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तो वर्गातल्या कुठल्या बाकापासून सुरू होतो? पहिल्या बाकापासून सुरू झालेला प्रयोग मागच्या बाकापर्यंत आपोआप पोहोचतो, हा आपला लाडका गैरसमज आहे. बऱ्याचदा तो पोहोचत नाही. उलट दोन बाकांमधलं अंतर वाढवून ठेवतो.

आधी त्या मुलाला भेटू

‘प्रथम’ ही संस्था देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन ‘असर’ नावाची पाहणी करते. पद्धत एकदम साधी. मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा द्यायचा आणि म्हणायचं, वाच. २०२२ मध्ये तिसरीतली फक्त २०.५ टक्के मुलं तो उतारा वाचू शकली. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या, त्याचा तो फटका होता. २०२४ मध्ये हा आकडा २७.१ टक्क्यांवर आला. सुधारणा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण दुसऱ्या बाजूने बघा. तिसरीत बसलेल्या चार मुलांपैकी जवळपास तिघांना दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही.

हे मूल पुढे चौथीत जातं, मग पाचवीत जातं. पुस्तक दरवर्षी जाड होत जातं, मूल मात्र तिथेच. सर फळ्यावर अपूर्णांक शिकवतायत आणि याची गाडी अजून हातच्याच्या वजाबाकीत अडकलीय. ते दंगा करत नाही, प्रश्न विचारत नाही, नुसतं बसून असतं. हजेरीत ‘उपस्थित’, निकालपत्रावर ‘उत्तीर्ण’. सरकारी कागदावर सगळं ठीकठाक. दहावीच्या आसपास कधीतरी ते गळतं आणि मग लोक म्हणतात, ‘त्याला शिक्षणात इंटरेस्टच नव्हता.’

आता याच मुलाच्या हातात आपण आपलं अॅप देतो. अॅपमधली पहिलीच सूचना वाचायची असते!

बरं, फोन तरी हातात असतो का? घरात असतो. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल. पण त्याआधीच्या, २०२३ च्या पाहणीतला एक आकडा फार बोलका आहे. १४ ते १८ वयोगटात ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. एकाच घरात, एकाच छपराखाली, दादाला फोन मिळतो आणि ताईला ‘तुला कशाला हवाय?’ हा प्रश्न. फोनवर चालणारा कुठलाही शैक्षणिक प्रयोग या घरात शिरला की आपोआप दादाकडे वळतो. अॅप बनवणाऱ्याने भेदभाव केलेला नसतो. त्याने फक्त घरातली भांडणं लक्षात घेतलेली नसतात.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं म्हणतात. लॉकडाऊनमध्ये ज्याच्या हाती फोन तो विद्यार्थी, असं झालं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ उजाडला. जवळपास पावणेदोन वर्षं! तेव्हा ‘ऑनलाइन शिक्षणाची क्रांती’ म्हणून जे काही सुरू होतं, ते वायफाय असलेल्या घरात सुरू होतं. त्याच काळात शिक्षणाच्या अॅप्समध्ये पैशाचा पूर आला. बायजूज या कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरवर गेलं आणि जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. यात नवल नाही. बाजार तिथेच जातो जिथे फी भरणारे आईबाप असतात. ते त्याचं कामच आहे. फक्त त्याला ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणू नये.

हिरवा लॅपटॉप आणि कोरी पाटी

यंत्र दिलं की मूल शिकेल, ही कल्पना आपल्या पिढीची नाही. २००५ मध्ये एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही योजना जगासमोर आणली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, धूळपाण्याला टक्कर देणारा छोटासा लॅपटॉप; किंमत शंभर डॉलर. प्रत्येक गरीब मुलाच्या हातात तो द्यायचा, बाकी मूल बघून घेईल. प्रत्यक्षात किंमत जवळपास दुप्पट झाली ते सोडा. भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या गावच्या छोट्याशा शाळेत हे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. मुलं हरखून गेली, आणि का नाही जाणार?

पण प्रयोगाची खरी परीक्षा झाली ती पेरू देशात. तिथल्या सरकारने लाखोंच्या संख्येने लॅपटॉप घेतले. मग संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास केला. लॅपटॉप न मिळालेल्या शाळांत आठ-नऊ मुलांमागे एक संगणक होता, मिळालेल्या शाळांत प्रत्येक मुलामागे एकापेक्षा जास्त. सुमारे सव्वा वर्षाने मोजणी केली. निष्कर्ष २०१२ मध्ये आले : गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत काहीही फरक दिसला नाही. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, तर्कशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. पण वाचन? गणित? जैसे थे.

का? कारण मुलाची अडचण ‘लॅपटॉप नाही’ ही नव्हतीच. अडचण होती की वर्गात जे शिकवलं जातंय ते त्याच्या डोक्यावरून जातंय. लॅपटॉपने त्या अडचणीला हातच लावला नाही.

आपल्याकडे ‘डिजिटल शाळा’ झाल्या, त्यातही हाच धडा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने वाट दाखवली आणि मग राज्यभर शिक्षकांनी, गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणले, टॅब आणले. कौतुकच आहे त्यांचं. पण लोकवर्गणी कुठल्या गावात जमते? जिथे बागायती आहे, नोकरदार आहेत, शहरात गेलेली आणि गावाकडे पैसे पाठवणारी मुलं आहेत. दिवाळी झाली की ज्या वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, तिथे वर्गणी कोण देणार? आणि वर्गणीतून प्रोजेक्टर येतो, पण दर महिन्याचं वीजबिल वर्गणीतून येत नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या ‘डिजिटल’ शाळांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. म्हणजे प्रयोग चांगला, माणसं चांगली, तरी वाटप असमानच. कारण ज्याच्याकडे आधी थोडं होतं, त्यालाच अजून थोडं मिळालं.

मग चाललं काय?

‘म्हणजे टेक्नॉलॉजी फेकून द्यायची का?’ असं कुणी विचारेल. अजिबात नाही. चाललेल्या दोन प्रयोगांची गोष्ट सांगते. एकात टेक्नॉलॉजी नव्हती, दुसऱ्यात भरपूर होती.

पहिला प्रयोग आपल्या मुंबईतला. ‘प्रथम’ची सुरुवातच मुंबईच्या वस्त्यांमधली. त्यांनी ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच, साधारण दहावी झालेली मुलगी घ्यायची, तिला दोनेक आठवडे प्रशिक्षण द्यायचं आणि महापालिकेच्या शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास तिच्याकडे सोपवायचं. तिने त्यांना पुस्तकातला पुढचा धडा शिकवायचा नाही. जिथे गाडी अडकलीय तिथून सुरुवात करायची. अक्षरं येत नसतील तर अक्षरं, वजाबाकी येत नसेल तर वजाबाकी. बास. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये; २००१ ते २००३ ची गोष्ट आहे ही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत मुंबई आणि वडोदऱ्यात या कार्यक्रमाचा काटेकोर अभ्यास केला. मुलांचे गुण चांगलेच वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागे असलेल्या मुलांना. पुढे २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच कामांची रांग होती.

गंमत म्हणजे वडोदऱ्यात त्याच अभ्यासात एक संगणकाचा प्रयोगही होता. दोन मुलांमध्ये एक संगणक, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ. मूल जसं उत्तर देईल तसा पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड. तोही चालला! गणिताचे गुण बालसखीपेक्षाही जास्त वाढले. पण एका मुलामागचा खर्च बघितला तर बालसखी कित्येक पटींनी स्वस्त पडली.

दुसरा प्रयोग दिल्लीतला. सरकारी शाळांमधल्या मुलांसाठी शाळेनंतर चालणारी केंद्रं, तिथे ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर. रोज ४५ मिनिटं मूल संगणकासमोर आणि ४५ मिनिटं १२-१५ मुलांच्या गटात एका शिक्षकासोबत. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ६१९ मुलांचा अभ्यास केला. कोणाला प्रवेश मिळणार हे लॉटरीने ठरवलं, म्हणजे तुलना चोख. सुरुवातीला चाचणी घेतली तेव्हा कळलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आहे. एकाच वर्गात दुसरीच्या पातळीची मुलं आणि सहावीच्या पातळीची मुलं शेजारी-शेजारी! सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे मुलं स्पष्टपणे पुढे गेली. आणि हा अभ्यास सांगताना सहसा गाळली जाणारी गोष्ट : ज्यांना हा कार्यक्रम मिळाला नाही, त्यांच्यातली सगळ्यात कच्ची मुलं त्या काळात जवळपास काहीच शिकली नव्हती. रोज शाळेत जाऊन!

आता हे सगळे प्रयोग शेजारी ठेवा. पेरूचा लॅपटॉप फसला, दिल्लीचं सॉफ्टवेअर चाललं. दहावी शिकलेली बालसखी चालली, वडोदऱ्याचा संगणकही चालला. म्हणजे यंत्र आहे की माणूस, यावर काही ठरलं नाही. जे चाललं त्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता : ‘बाळा, तुला कुठपर्यंत येतं?’ आणि तिथून सुरुवात केली होती. जे फसलं त्याने हा प्रश्नच विचारला नव्हता.

कुरणात भरलेली शाळा

हा प्रश्न काही अमेरिकेतल्या विद्यापीठांनी शोधून काढलेला नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. ताराबाईंना माँटेसरी पद्धत पक्की माहीत होती. पण माँटेसरीची साधनं महागडी, शहरातल्या शाळांना परवडणारी. मग त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशी गावात सापडणारी साधनं वापरली. वाडीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असं म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना तिथली. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत काम सुरू झालं. तिथे वेगळीच अडचण. मोठी मुलं गुरं राखायला जातात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. शाळेत येणार कधी? मग शाळेला जोडून पाळणाघर आलं, म्हणजे भावंडाला तिथे ठेवून ताईला वर्गात बसता येईल. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा आली. गुरं चरतात तिथेच शाळा! वेळापत्रक गुरांचं, विद्यार्थी गुराखी, वर्ग आभाळाखाली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याच्या परिसरात भरलेल्या साखरशाळा हा त्याच विचाराचा पुढचा नमुना.

मला विचाराल तर कुरणशाळा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात भारी एज्युकेशन इनोव्हेशन आहे. त्यात एकही वायर नव्हती.

अशी उदाहरणं आजही सापडतात. लॉकडाऊनमध्ये सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, कामगारांच्या वस्तीत, घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुलं रस्त्यात उभी राहून, अंतर ठेवून वाचायची. फोन नको, नेट नको. सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. पण क्यूआर कोडच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. पुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली होती. कोडची बातमी झाली, भाषेची झाली नाही. कोड सहज कॉपी करता येतो. मुलाची भाषा शिकायला मात्र त्या मुलाजवळ बसावं लागतं.

झिरपेल, झिरपेल म्हणता म्हणता…

इथे जोतीराव फुल्यांना भेटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर त्यांनी निवेदन दिलं. तेव्हा इंग्रज सरकारचं धोरण असं, की वरच्या वर्गाला चांगलं शिकवा, ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. फुल्यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं चालेल? त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा म्हणून मागणी केली. शिक्षकांना चांगलं प्रशिक्षण आणि चांगला पगार द्या, मुलांना शेतीचं उपयोगी ज्ञान द्या, असंही सुचवलं. एकशेचाळीसहून जास्त वर्षं झाली. आपण ‘झिरपणं’ हा शब्द टाकून दिला आणि ‘स्केल होईल’ हा शब्द घेतला. मुद्दा तोच : आधी वरच्यांना देऊ, मग बघू.

आणि याचा संबंध आजच्या, अगदी चालू असलेल्या वादाशी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांना एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवण्यात आले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त आणि त्यातली मुलं १ लाख ८५ हजारांच्या आसपास. कल्पना ऐकायला छान आहे. पाच मुलांच्या शाळेत ना ग्राउंड, ना लॅब, ना खेळायला सवंगडी. मोठ्या शाळेत सगळं मिळेल आणि ने-आण करायला बस असेल. हा युक्तिवाद खोटा नाही. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला विचारा, तेही मान्य करतील.

पण मागच्या बाकावरून बघा. वाडीतली शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. समूह शाळा सहा-सात किलोमीटरवर. जुलैमध्ये ओढ्याला पाणी आलं, बस आली नाही. पहिल्यांदा घरी कोण राहणार? सातवीतली मुलगी. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे आणि आपल्या राज्यात प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, तो उगाच नाही. ताराबाई शाळा घेऊन अंगणात गेल्या होत्या. आपण अंगण सोडून शाळेकडे या म्हणतोय. सुविधा वाढवण्याच्या प्रयत्नात जर काही मुली शाळेतूनच बाहेर पडणार असतील, तर हिशेबात ती संख्या धरायला हवी. त्या मुली निकालाच्या टक्केवारीत दिसणार नाहीत, कारण त्या परीक्षेलाच नसतील.

आता एआय आलंय. एका अर्थाने ही फार मोठी संधी आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरून शिकवणारा, न कंटाळणारा, न ओरडणारा शिक्षक; माइंडस्पार्कने जे केलं ते दहापट चांगलं होऊ शकेल. पण चॅटबॉटला नेमका प्रश्न विचारायला काय येत नाही, हे कळावं लागतं. ज्याचा पाया पक्का आहे तो एआयकडून खूप शिकेल. ज्याला वाचताच येत नाही तो उत्तर कॉपी करेल किंवा बाजूला बसून राहील. आणि पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलाशी ते त्याच्या भाषेत बोलणार का, हा प्रश्न आहेच. हे आपोआप होणार नाही. कुणीतरी मुद्दाम करावं लागेल.

ते कुणीतरी म्हणजे आपण

एक आक्षेप आधीच घेऊन टाकते. ‘हे सरकारचं काम आहे, आम्ही काय करणार?’ बरोबर आहे, सरकारचंच काम आहे. रिकाम्या जागा भरणं, शिक्षकाला शाळाबाह्य कामांतून सोडवणं, शाळेचं वीजबिल भरणं, हे कुठल्याही स्वयंसेवकाने करायचं काम नाही. बालसखी हा शिक्षकाला पर्याय नव्हता, मदतीचा हात होता. कॉलेजची मुलं रविवारी शिकवतात म्हणून शिक्षकभरती नको, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवायला हवं. फुल्यांनी शिक्षण हक्क म्हणून मागितलं होतं, दान म्हणून नाही.

पण आपल्यातलेच काही जण उद्या अॅप बनवणार आहेत, काही जण शिक्षक होणार आहेत, काही एमपीएससी देऊन अधिकारी होतील आणि शाळांच्या फायलींवर सही करतील, काही कंपन्यांचा सीएसआर निधी वाटतील. शिक्षणातला एखादा ‘इनोव्हेटिव्ह’ प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला, किंवा तुम्हीच तो मांडायला उठलात, तर तीन प्रश्न विचारा.

एक, हे वापरण्याआधी मुलाकडे काय असावं लागतं? फोन, नेट, वीज, वाचता येणं, इंग्रजी, शिकलेले आईबाप, रिकामी संध्याकाळ. यादी करा. यादी जितकी लांब, तितकी मागच्या बाकावरची मुलं बाहेर.

दोन, मुलाला कुठपर्यंत येतं हे तपासून तिथून सुरुवात होते, की सगळ्यांना एकाच पानापासून?

तीन, यश कशात मोजणार? डाउनलोड किती झाले, टॅब किती वाटले, फीत कुणी कापली यात? की सुरुवातीला सगळ्यात मागे असलेली दहा मुलं सहा महिन्यांनी कुठे पोहोचली यात? सरासरीवर भाळू नका. पहिल्या बाकाने उडी मारली की सरासरी वाढते आणि मागचा बाक त्या आकड्याखाली झाकला जातो.

या प्रश्नांची उत्तरं गुगलवर मिळत नाहीत. त्यासाठी मुलांजवळ बसावं लागतं. आणि त्यासाठी मेळघाटात किंवा तोरणमाळला जायचीही गरज नाही. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची मुलगी असेल, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या मावशींचा मुलगा असेल, कॉलेजमागच्या वस्तीत महापालिकेची शाळा असेल. एनएसएसच्या शिबिरात झाडं लावून झाली की एक दुपार त्या शाळेसाठी मागा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक न्या आणि चौथी-पाचवीतल्या एकेका मुलाला, इतरांसमोर नाही, बाजूला बसवून एक उतारा वाचायला द्या. घाई करू नका, चुका काढू नका, नुसतं ऐका.

तो कुठल्या शब्दावर अडखळतो, कुठे अंदाजाने पुढे जातो, कुठे तुमच्या तोंडाकडे बघतो, हे बघा. तुमचा प्रयोग तिथून सुरू होतो. मग हवं तर अॅप बनवा, हवं तर रोज तासभर जाऊन बसा, हवं तर भिंत रंगवा.